वेदनाशामक औषधे : दिलासा आणि दक्षता

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना विश्वस्तांनी केली, तेव्हा हृदयविकार, मधुमेह असे अनेक मोठे विषय डोळ्यांसमोर होते. त्यांतून मी अगदी घरगुती वाटणारा विषय निवडला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी औषधांचा एक डबा असतो. त्या डब्यात गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखी किंवा दाढदुखीवरच्या गोळ्यांची एखादी तरी पट्टी असतेच. ती कोणी आणली, कोणासाठी आणली, हे बहुधा कोणालाही आठवत नाही. परंतु दुखू लागले की हात आपोआप तिकडे वळतो.

या गोळ्या उपकारक आहेत, याविषयी दुमत नाही. सांधेदुखीने जखडलेला मनुष्य त्यांच्या आधाराने चालतो-फिरतो, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना त्यांच्यामुळे सुसह्य होतात. परंतु पोटात अन्न आणि शरीरात पुरेसे पाणी असताना जी गोळी सहसा त्रास देत नाही, तीच गोळी उपवासाच्या दिवशी जठराला व मूत्रपिंडाला इजा करू शकते. ज्या समाजात उपवास, आयंबिल, एकासणे आणि चौविहार हे वर्षभर चालतात, त्या समाजाने तर हे विशेष जाणून घ्यावयास हवे. आजच्या भाषणाचा हाच गाभा आहे.

वेदना शमते कशी?

वेदनाशामकांचे दोन गट प्रथम वेगळे करू. एका गटात पॅरासिटामॉल हे औषध येते. ते ताप उतरवते, दुखणे कमी करते, परंतु सूज उतरवत नाही. दुसऱ्या गटात सूज उतरवणारी वेदनाशामके येतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड आणि या सर्वांची ज्येष्ठ भगिनी ॲस्पिरिन ही या गटातील औषधे होत. आजचे विवेचन प्रामुख्याने या दुसऱ्या गटाविषयी आहे.

ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले. त्याने वेदना थांबते, हे जगाला ठाऊक होते. परंतु ती कशी थांबते, याचे उत्तर मिळण्यास पुढे सत्तर वर्षे लागली. १९७१ मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. या कार्यासाठी त्यांना १९८२ मध्ये अन्य दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

ही प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये दुखऱ्या जागी सूज व वेदना निर्माण करतात. परंतु तेवढेच त्यांचे कार्य असते, तर ही औषधे निर्दोष ठरली असती. हीच द्रव्ये जठराच्या आतील अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरात पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ टिकवून धरतात. गोळी गुडघ्यासाठी घेतली, तरी ती रक्तातून सर्व शरीरात फिरते. गुडघ्यातील वेदना शमवताना ती जठराचे व मूत्रपिंडाचे संरक्षणही काढून घेते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, की पुढील सर्व सूचना आपोआप उलगडतात.

जठर, मूत्रपिंड आणि हृदय

जठराचा विचार प्रथम करू. या गोळ्यांनी जठरात किंवा त्यापुढील लहान आतड्यात व्रण होऊ शकतो आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. विशेष म्हणजे असा व्रण कित्येकदा दुखतही नाही, कारण पोटात वेदनाशामक गेलेलेच असते. डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे हीच पहिली खूण असू शकते. वय पासष्टच्या पुढे असणे, पूर्वी अल्सर झालेला असणे, स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, या स्थितीत धोका पुष्कळ वाढतो. 'गोळी पोटाला बाधते, म्हणून इंजेक्शन घेतो' असे अनेकजण म्हणतात. सुईने दिलेले औषधही रक्तातून फिरतेच, त्यामुळे जठराचे संरक्षण तेही काढून घेते. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल यांसारखे आम्ल कमी करणारे औषध सोबत दिल्यास जठर बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. मात्र त्याने मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रक्षण होत नाही.

आता मूत्रपिंड. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांपैकी एखादी गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी, असा उपचार आपल्या अनेक ज्येष्ठांना चालू असतो. कित्येकदा ही दोन्ही औषधे एकाच गोळीत असतात. त्यात सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकाची भर पडली, म्हणजे तीन बाजूंनी मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी जुलाब, उलट्या, कडक ऊन किंवा निर्जळ उपवास यांमुळे शरीरातील पाणी घटले, तर मूत्रपिंडाचे कार्य थोड्याच दिवसांत मंदावू शकते. लघवी कमी होणे, पायांवर व चेहऱ्यावर सूज येणे ही त्याची लक्षणे. आरंभी तर काहीच जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिन तपासल्यावरच कळते.

हृदयाबाबतचा धडा जगाला २००४ मध्ये मिळाला. जठराला कमी त्रासदायक म्हणून गाजलेले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढवते, असे दिसून आल्याने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. भारतातही त्याच वर्षी त्यावर बंदी आली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या गटातील ॲस्पिरिन सोडून अन्य औषधांविषयीचा इशारा अधिक कडक केला. हा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही संभवतो, असे त्यात नमूद आहे. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे किंवा ज्यांचे हृदय अशक्त झाले आहे, त्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत. हृदयासाठी रोज अल्प मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट अधिक लक्षात ठेवावी. आयबुप्रोफेन चुकीच्या वेळी घेतल्यास ते ॲस्पिरिनचा लाभ कमी करू शकते. तथापि, भीतीने ॲस्पिरिन परस्पर बंद करणेही तितकेच घातक आहे. दोन्ही औषधांची वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

एकच औषध, अनेक नावे

घरोघरी होणारी मोठी गफलत नावांची असते. कॉम्बिफ्लॅम या गोळीत आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल ही दोन औषधे असतात. झेरोडॉल-पी मध्ये ॲसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल असते. ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन आणि व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. आता कल्पना करा, एखाद्या आजोबांनी सकाळी गुडघ्यासाठी झेरोडॉल-पी घेतली, दुपारी डोके दुखले म्हणून सुनबाईंनी डब्यातली कॉम्बिफ्लॅम दिली आणि सायंकाळी कणकण वाटली म्हणून पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी पोटात गेली. घरच्यांच्या हिशेबी ही तीन दुखण्यांवरची तीन औषधे. प्रत्यक्षात सूज उतरवणारी दोन वेदनाशामके एकावर एक पडली आणि पॅरासिटामॉल तीनदा दिले गेले. दोन वेदनाशामकांनी आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो.

म्हणून पट्टीवरील ठळक नावाखाली बारीक अक्षरांत जे मूळ औषधाचे नाव असते, ते वाचण्याची सवय लावावी. ज्येष्ठांना ती अक्षरे दिसत नाहीत. घरातील नातवंडांनी ती वाचून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून पट्टीला चिकटवावीत. दहा-बारा वर्षांचे मूलही ही सेवा उत्तम करू शकते.

मात्रेचेही भान हवे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रौढ व्यक्तीने आयबुप्रोफेन एका वेळी ४०० मिलिग्रॅमपेक्षा आणि दिवसभरात १२०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. डायक्लोफेनॅक हे तर चिठ्ठीवर मिळावयाचे औषध आहे. त्याची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला १५० मिलिग्रॅम मानली जाते. पॅरासिटामॉलची मर्यादा निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम आहे. कृश, वृद्ध किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी ती याहून कमी असते. तापासाठी तीन दिवस आणि दुखण्यासाठी फार तर एक आठवडा, याच्यापुढे गोळी लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

तपश्चर्येच्या काळात

आता आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येतो. व्रत कोणते करावे, किती करावे, हा अधिकार माझा नाही. तो आपल्या श्रद्धेचा आणि गुरुजनांच्या मार्गदर्शनाचा विषय आहे. व्रत करणाऱ्याच्या शरीरात औषध कसे वागते, एवढेच मी सांगणार आहे.

उपवासात पोट रिकामे असते. पाणी घेतले तरी ते उकळलेले व सूर्यास्तापूर्वीच घेतले जाते. चौविहार उपवासात तेही नसते. अशा दिवशी सूज उतरवणारी गोळी घेणे टाळावे. ज्या क्षणी जठराला आणि मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनच्या संरक्षणाची अधिक गरज असते, त्याच क्षणी ती गोळी ते संरक्षण हिरावून घेते. अठ्ठाई किंवा त्याहून दीर्घ तपश्चर्या करणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका दिवसागणिक वाढत जातो.

उपवासाच्या पहिल्या दिवशी डोके दुखण्याची तक्रार फार आढळते. त्यामागे बहुधा चहा-कॉफी एकाएकी बंद होणे आणि पाणी कमी पडणे ही कारणे असतात. त्यावर गोळी शोधण्यापेक्षा व्रताच्या आधी आठ-दहा दिवस चहा हळूहळू कमी करीत न्यावा, पाणी चालत असेल त्या वेळेत ते थोडे-थोडे करून पुरेसे प्यावे आणि उन्हातील श्रम टाळावेत. पुष्कळांची डोकेदुखी एवढ्यानेच टळते.

एकासणे व आयंबिल करणाऱ्यांची अडचण निराळी असते. डॉक्टरांनी गोळी दिवसातून तीनदा सांगितलेली असते आणि अन्न तर एकदाच घ्यावयाचे असते. मग काहीजण तिन्ही गोळ्या एकाच जेवणासोबत घेऊन मोकळे होतात. असे कधीही करू नये. दिवसभराची मात्रा एकदम पोटात गेली, म्हणजे ती विभागून देण्याचा हेतूच संपतो. व्रत सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, 'मी इतके दिवस एकभुक्त राहणार आहे.' गोळी बदलणे, पॅरासिटामॉलवर भागवणे किंवा बाहेरून लावावयाचे जेल देणे असे पर्याय त्यांच्याकडे असतात. रक्तदाबाच्या, लघवीच्या व मधुमेहाच्या गोळ्यांचे वेळापत्रकही त्याच भेटीत ठरवून घ्यावे. अनेक रुग्ण संकोचाने डॉक्टरांना उपवासाविषयी सांगतच नाहीत. हा संकोच सोडला पाहिजे.

नित्य चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळची गोळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासोबत, पेलाभर पाण्याने घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्री उशिरा, पाण्याविना कोरडी गोळी गिळल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते. पारण्याच्या दिवशीही घाई नको. कित्येक दिवसांच्या रिकाम्या पोटात पहिल्या घासासोबत वेदनाशामक टाकू नये. आहार व पाणी पूर्ववत होऊ द्यावे.

कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी शंका असल्याने ती उघडून आतील औषध पाण्यातून घेणारेही काही आहेत. काही कॅप्सूलमधील औषध सावकाश सुटावे अशी योजना असते. त्याचप्रमाणे डायक्लोफेनॅकच्या अनेक गोळ्यांवर जठरात न विरघळणारे आवरण असते. ते उघडून किंवा कुटून घेतल्यास योजना बिघडते. शंका असेल, तर डॉक्टरांकडून किंवा औषधविक्रेत्याकडून गोळीचा अथवा शाकाहारी आवरणाचा पर्याय मागून घ्यावा.

मूत्रपिंडाचा विकार, अल्सरचा इतिहास किंवा अशक्त हृदय असलेल्या तपस्व्यांनी पच्चक्खाणापूर्वी गुरुमहाराज आणि डॉक्टर अशा दोघांशीही बोलावे. आजारपणासाठी आगार ठेवण्याची सोय परंपरेतच आहे. तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

पावसाळ्यातील ताप

चातुर्मास म्हणजे पावसाळा, आणि पावसाळा म्हणजे डेंग्यूचे दिवस. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट पेशी घटतात व रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून निदान होईपर्यंत तापासाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीही घेऊ नये. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल आणि भरपूर द्रवपदार्थ एवढेच द्यावे. डेंग्यूचा संशय असताना निर्जळ उपवास करणे धोक्याचे आहे.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध असावे. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. मुलांना ॲस्पिरिनही डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये. गर्भवती भगिनींनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, सूज उतरवणारी वेदनाशामके टाळावीत. दम्याच्या काही रुग्णांना या गोळ्यांनी दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो, हेही ध्यानात असावे.

गोळीवाचून काय करता येईल?

गुडघ्यांची झीज ही आपल्या ज्येष्ठांची नित्याची व्यथा. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम व वजन नियंत्रण यांवर भर दिला आहे, आणि औषध लागल्यास प्रथम बाहेरून लावावयाच्या वेदनाशामकाचा विचार करण्यास सांगितले आहे. जेल त्वचेतून दुखऱ्या जागी पोहोचते आणि त्याचा अल्प अंशच रक्तात उतरतो. मांडीचे स्नायू बळकट करणारा सोपा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावा. प्रवचनात वा सामायिकात मांडी घालून बसणे जमत नसेल, तर खुर्ची घ्यावी. सभागृहात ज्येष्ठांसाठी खुर्च्यांची एक रांग कायम असावी, अशी माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे.

सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांपासून मात्र दूर राहावे. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. गुण लवकर येतो तो त्यामुळे. आणि हानी होते तीही त्यामुळेच.

पांजरापोळ आणि गिधाडे

समारोपापूर्वी एक विषय मांडतो, कारण पांजरापोळ व गोशाळा यांच्याशी आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला आहे. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली; पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्याचे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले. आजारी जनावराला डायक्लोफेनॅक दिले आणि ते लवकरच मेले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरते. ज्या अवयवाविषयी आपण आता बोललो, तोच अवयव येथेही बळी पडतो.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीची पावले उचलली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या जनावरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले औषध उपलब्ध आहे. आपण ज्या पांजरापोळांना दान देतो, तेथे जनावरांसाठी कोणते वेदनाशामक वापरले जाते, हे दात्यांनी व विश्वस्तांनी अवश्य विचारावे. एका जिवावर केलेला उपचार दुसऱ्या जिवाच्या मरणास कारण होऊ नये, हे आपल्याला कोणी वेगळे सांगावयास नको.

बंधू-भगिनींनो, घरी गेल्यावर आज एकच काम करा. औषधांचा डबा उघडा, मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला काढा आणि उरलेल्या पट्ट्यांवरील मूळ औषधांची नावे लिहून ठेवा. घरात कोणाला रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, कोणाची कोणती औषधे चालू आहेत, याची एक यादी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. यापुढे वेदनाशामक गोळी हाती घेताना तीन प्रश्न विचारा : हिच्यात काय आहे, आज पोटात अन्न आणि पाणी आहे का, आणि याच जातीचे दुसरे काही मी घेत आहे का? काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास गोळी थांबवून विनाविलंब रुग्णालय गाठावे. तेथे उपवासाची आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीची माहिती न विसरता सांगावी.